आजोबांच्या ट्रंकेतला ठेवा

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत उर्दू आणि मोडीतली कागदपत्रे, जुने फोटो व आजीची पैठणी सापडली. ती कशी जपावीत?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : लॅमिनेशन मुळीच करू नये, ते पुन्हा काढता येत नाही. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टीही लावू नये.

सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, म्हणून सरकारी कागद उर्दूत सापडतात. त्यांवर बहुधा फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सनाचा अंदाज येतो : फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. मोडी कागद जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

फोटो आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात ठेवावेत. त्यांतल्या माणसांची नावे मागे मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने लिहावीत. प्रत्येक फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. पैठणी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी आणि अधूनमधून घडी बदलावी, नाहीतर जरीची तार घडीवरच तुटते.

घरातल्या अशा जुन्या वस्तू क्षुल्लक समजू नयेत : पैठणमधले बाळासाहेब पाटील संग्रहालय एका माणसाने आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंतून उभे राहिले आहे.

घरातल्या ज्येष्ठांना फोटो दाखवून आठवणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. हे काम याच आठवड्यात सुरू करावे.