दिव्य, कबुली आणि सत्ता : ‘घाशीराम कोतवाल’च्या निमित्ताने

डिस्टोपियन साहित्यातील सत्ता धर्माची उपकरणे उचलते, हे निरीक्षण आता रूढ झाले आहे. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या कादंबरीतील ओब्रायन विन्स्टनला छळताना धर्मन्यायसभेचा दाखला स्वतःच देतो. पाखंड्याला मारण्यापूर्वी त्याचे अंतःकरण पालटले पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. ईश्वराच्या रिकाम्या आसनावर तेथे पक्ष बसला आहे.

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) रूढ अर्थाने डिस्टोपिया नव्हे. मात्र हे नाटक ऐतिहासिक नाही, ही लेखकाची भूमिका गांभीर्याने घेतली, तर त्यातील पुणे हे नियंत्रित नगराचे कल्पचित्र ठरते. रात्री घराबाहेर पडण्यास तेथे परवाना लागतो. या नगरात देवाचे आसन मात्र रिकामे नाही. गण आहे, कीर्तन आहे, आणि गणपतीच्या साक्षीनेच नाना मुलीचा पाठलाग करतो.

दिव्याचा प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. धर्मशास्त्रोक्त अग्निदिव्यात तळहातांवर अश्वत्थाची सात पाने ठेवून तप्त लोहगोल दिला जाई. हात न भाजल्यास तो निर्दोष. निर्णय देवाचा, ही त्यामागील श्रद्धा. घाशीराम विधीचे बाह्यरूप ठेवतो आणि निर्णय आपल्याकडे घेतो. आरोपी ब्राह्मण यातनांखाली चोरी कबूल करतो. ती खरी की खोटी, हा प्रश्नच कोणास पडत नाही. ओब्रायनला विन्स्टनचा विश्वास हवा असतो. कोतवालाला उच्चार पुरतो. जेथे आचार हाच धर्म मानला जातो, तेथील हुकूमशाहीला मनाची झडती घेण्याचे कारण उरत नाही, असे यावरून म्हणता येईल.

नानाचा हिशेब याहून सूक्ष्म आहे. कोतवाली देताना तो मनाशी ताडतो, की कृत्ये कोणाचीही असोत, पाप घाशीरामच्या खाती जमा होईल. पापपुण्याची खतावणी येथे राज्यकारभाराचे तंत्र बनते. नाटकाच्या नृत्यरचनेची वारेमाप स्तुती झाली, पण जी माणसे भिंत म्हणून उभी राहतात, तीच भक्त, बळी आणि जमावही होतात, या योजनेचा वैचारिक अर्थ त्या स्तुतीत बराचसा झाकला गेला. साक्षीदार आणि सहभागी यांत भेद राहू नये, हीच या मानवी भिंतीची किमया.

अखेर घाशीराम दगडांनी ठेचला जातो. साऱ्यांचे पाप एकाच्या माथी मारून नगर शुद्ध करणारा हा बळी आहे. आणि बळीनंतर जे व्हायचे तेच होते : नाना उत्सवाची आज्ञा देतो.