चोरीची फिर्याद आणि मुदत : व्यापाऱ्यांनी काय जाणून घ्यावे

व्यापारी बांधवांत दोन समज आढळतात. काही म्हणतात, ‘चोरीचा गुन्हा कधीच जुना होत नाही, सवडीने बघू.’ काही म्हणतात, ‘वर्ष उलटले, आता पोलीस काय करणार?’ दोन्ही समज अर्धवट आहेत, आणि दोन्हींमुळे हक्काचा माल हातचा जातो. आम्ही कापडाच्या धंद्यातले, वकील नव्हे. पण एवढा कायदा प्रत्येक दुकानदाराला व कारागिराला माहीत असावा, असे आम्हांस वाटते.

मूळ नियम

आपल्या देशात फौजदारी खटल्याच्या मुदतीचे सर्वसाधारण नियम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणले. १ जुलै २०२४ पासून तेच नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहेत. मुदत मालाच्या किमतीवर ठरत नाही, तर गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेवर ठरते. फक्त दंडाची शिक्षा असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, एक ते तीन वर्षांपर्यंत कैद असेल तर तीन वर्षे. शिक्षा तीन वर्षांहून जास्त असू शकत असेल तर मुदतच नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा की, आपला माल कोणत्या प्रकाराने गेला?

चोरी कोठे झाली, कोणी केली

१) पथारीवरून दोन तागे कोणी उचलून नेले, ही साधी चोरी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मुदत तीन वर्षे.

२) माल ठेवण्याच्या इमारतीतून, म्हणजे दुकानातून वा गोदामातून गेला, तर कलम ३०५. शिक्षा सात वर्षांपर्यंत, मुदत नाही. मालवाहू टेम्पो किंवा ट्रकमधून गाठी गेल्या तरी आता हेच कलम आहे. वाहनातील चोरीची ही तरतूद २०२४ पासूनची, जुन्या दंड संहितेत नव्हती.

३) गुमास्त्याने किंवा नोकराने मालकाच्या ताब्यातील माल चोरला, तर कलम ३०६. येथेही सात वर्षे, मुदत नाही.

अमानतीत खयानत

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांनी हा भाग लक्षपूर्वक वाचावा. आपण विणकराला जॉबवर सूत दिले आणि कापड कमी आले, सूत परस्पर विकले गेले, तर कायद्याने ती चोरी नव्हे. माल आपण स्वतः विश्वासाने सोपवला होता. उर्दूत ज्याला ‘अमानत में खयानत’ म्हणतात तो हा गुन्हा, फौजदारी विश्वासघात.

येथे तारखेला फार महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पूर्वीचा प्रकार असेल तर जुन्या दंड संहितेचे कलम ४०६ लागते. त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणून मुदत तीन वर्षे. त्या तारखेनंतरचा असेल तर न्याय संहितेचे कलम ३१६. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, म्हणून मुदत नाही. तोच माणूस, तेच सूत, पण तारखेच्या फरकाने हक्क राहतो किंवा जातो. ज्यांची जुनी प्रकरणे पडून आहेत त्यांनी आजच हिशेब काढावा. ट्रान्सपोर्टवाल्याने किंवा गुमास्त्याने खयानत केली तर मात्र जुन्या कायद्यातही सात वर्षांची शिक्षा होती, म्हणून तेथे मुदतीचा प्रश्न नाही.

मुदत कधी सुरू होते, कधी थांबते

मुदत गुन्ह्याच्या दिवसापासून मोजतात. पण गुन्हा झाल्याचेच आपल्याला किंवा पोलिसांना माहीत नसेल, तर तो कळला त्या दिवसापासून. चोर कोण हे ठाऊक नसेल, तर तो कळला त्या दिवसापासून. आरोपी परदेशी किंवा फरार असेल तो काळ वगळला जातो. उशिराचे योग्य कारण पटले, तर न्यायालय उशीर माफही करू शकते.

मोजणीचा शेवट म्हणजे पोलिसांनी खबर नोंदवल्याची किंवा न्यायालयात तक्रार दाखल केल्याची तारीख. न्यायालयाने पुढे कधी दखल घेतली याने बिघडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये हेच सांगितले होते.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंचांसमोर बोलणी चालू होती, हा काळ वगळण्याची सोय कायद्यात नाही. समेट जरूर करावा, पण मुदतीवर नजर ठेवून.

इतर देशांत

आमचे अनेक भाऊबंद परदेशी व्यापार करतात. तेथील रीत निराळी आहे. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याप्रमाणे चोरीला सात वर्षांपर्यंत कैद असून सर्वसाधारणपणे खटल्याला मुदत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. न्यूयॉर्कमध्ये किंमत पाहतात. एक हजार डॉलरवरील चोरी गंभीर गुन्हा, मुदत पाच वर्षे. त्याखालची साधी चोरी, मुदत दोन वर्षे. जर्मनीत आपल्यासारखीच शिक्षेवर मोजणी होते. साध्या चोरीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि मुदतही पाच वर्षे. दक्षिण आफ्रिकेत, जेथे केप टाऊनला कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, चोरीला वीस वर्षांची मुदत आहे. तेव्हा इकडचा नियम तिकडे गृहीत धरू नये.

काय करावे

फौजदारीला मुदत नसली तरी दिवाणी दाव्याला असते. चोरीस गेलेली वस्तू परत मागण्याचा दावा, ती कोणाकडे आहे हे कळल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो.

आणि मुदत नाही म्हणून बसून राहिल्यास पुरावा जातो. कॅमेऱ्यातील चित्रण काही दिवसांत पुसले जाते, साक्षीदार गाव सोडतात, आणि उशीर का झाला हे न्यायालय विचारतेच. म्हणून,

– चोरी कळताच बिल, चलान, बिल्टी व साठ्याची वही एकत्र करावी. चोरी कधी कळली ती तारीख लिहून ठेवावी.
– खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ई-मेलने वा ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी. नोंदीची प्रत मोफत मिळते, ती घ्यावी.
– ठाण्याने नोंद नाकारली तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे. तरीही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.
– जॉबवर माल देताना वजन, तारीख आणि सही असलेले चलान घ्यावेच. घेणारा सख्खा भाऊ असला तरी.

कलम कोणते लागेल हे वकिलाला विचारावे. पण तारीख आपल्याच वहीत असते, ती कोणी वकील आणून देणार नाही.