दहीहंडीचे थर आणि अ‍ॅनिमेशनचे थर : बिटमॅप की व्हेक्टर?



टेंभी नाक्याच्या मुलांना 'लेयर' शिकवायला उदाहरण शोधावं लागत नाही. दहीहंडीचे थर त्यांनी पाहिलेले असतात. फरक इतकाच, की गोविंदांचे थर खांद्यावर उभे राहतात आणि पेन्सिल-टू-डीमधले थर ट्रेसिंग पेपरसारखे एकावर एक पसरतात. (पेन्सिल-टू-डी हे अ‍ॅनिमेशनचं मोफत सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर चालतं.)

नवी फाईल उघडली की बिटमॅप आणि व्हेक्टर असे दोन्ही थर तयार मिळतात. मुलं तिथेच अडखळतात. खरं सांगू का, मीही अडखळले होते.

रांगोळीचंच बघा ना. ठिपक्यांच्या रांगोळीत आपण सांगतो, या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढ. अंगण मोठं असेल तर ठिपके लांब ठेवायचे, नक्षी तीच राहते. हा झाला व्हेक्टर. पण रंग पसरून काढलेलं व्यक्तिचित्र असं ताणता येत नाही, त्यात प्रत्येक चिमटीची जागा ठरलेली असते. हा बिटमॅप. 1920 बाय 1080 च्या चित्रात असे 20,73,600 रंगीत चौकोन असतात.

आता माझी चूक सांगते. चौथीतल्या एका मुलीने बिटमॅप थरावर छोटासा गोविंदा काढला. गालावर छटा, गंजीवर पाण्याचे ओघळ, सगळं मन लावून. प्रोजेक्टरसाठी मी तो खेचून मोठा केला. कडांना पायऱ्या पडल्या, चेहरा धूसर झाला. "बाई, हा असा फाटला का?" मग मी घाईघाईत व्हेक्टरमध्ये स्वतःच दुसरा काढून दिला. रेघा सुबक आल्या. पोरगी म्हणाली, "पण हा माझा नाही." काय उत्तर देणार?

तेव्हापासून तिचं मूळ चित्र खालच्या थरावर तसंच ठेवायचं आणि वरच्या व्हेक्टर थरावर बाह्यरेषा तिनेच गिरवायची, असं ठरवलं. हातपाय हलवायचे, आकार बदलायचा, ते सगळं व्हेक्टरवर. गर्दी, पाऊस, छटा बिटमॅपवरच शोभतात. तिथे चित्र पहिल्यापासूनच मोठं काढायला सांगा.

व्हेक्टरची एक गंमत मुलांना फार आवडते. रंगपेटीतला लाल निळा केला की त्या लाल रंगात काढलेल्या सगळ्या गंज्या एकदम निळ्या होतात! सेकंदाला 12 चित्रं धरली तर दहा सेकंदांची 120 होतात, त्यामुळे हे वाचलेले कष्ट थोडे नाहीत. मात्र रंग भरण्याआधी रेघ पूर्ण जुळली आहे ना, ते पाहा. आणि बिटमॅपवर खोडरबर फिरवला की तेवढेच ठिपके जातात, व्हेक्टरवर रेघेचा तुकडाच जातो. मुलं इथे हमखास रडकुंडीला येतात.

व्हिडिओ काढण्याआधी खालचा कच्चा थर त्याच्या नावाशेजारच्या गोल ठिपक्यावर क्लिक करून लपवा. आमचा एकदा राहिला आणि गोविंदाला चार हात आले. मुलांनी मात्र तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायला लावला.