फिकट चट्टा आणि यंत्राचे निदान

प्रश्न : आईच्या दंडावर फिकट चट्टा उठला आहे. मोबाइलवरील ॲपला त्याचा फोटो दाखवून रोग कळेल का?
– एक वाचक, विठ्ठलवाडी

उत्तर : अशा ॲपमागील डीप लर्निंग म्हणजे अनेक थरांच्या गणिती जाळ्याला, निदान आधीच ठाऊक असलेली हजारो छायाचित्रे दाखवून रंग, कडा व पोत यांतील खुणा त्यालाच शोधू देण्याची पद्धत होय. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये १,२९,४५० छायाचित्रांच्या आधारे घडवलेले जाळे त्वचेचे काही कर्करोग ओळखण्यात २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीचे ठरले. मात्र त्यातील मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, भारतात विरळ आहे. शिवाय अशा अभ्यासांत वापरल्या जाणाऱ्या संग्रहांत गोऱ्या त्वचेचीच चित्रे अधिक असल्याने सावळ्या त्वचेबाबत यंत्राच्या निर्णयाचा भरवसा कमी होतो, आणि ही उणीव गंभीर आहे.

येथे फिकट चट्टा दिसल्यास कुष्ठरोगाची शक्यता तपासावीच लागते. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे राष्ट्रीय पातळीवर दूरीकरण झाल्याचे २००५ मध्ये जाहीर झाले असले, तरी नवे रुग्ण आजही आढळतात. त्या चट्ट्यावरील स्पर्शज्ञान हरपणे ही या रोगाची प्रमुख खूण असून, संवेदना छायाचित्रात उमटत नाही. ती त्वचेला हलका स्पर्श करूनच डॉक्टरांना तपासावी लागते, शिवाय नसाही चाचपाव्या लागतात. त्यामुळे ॲपने निर्धोक म्हटले तरी आईंना जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे. कुष्ठरोग निघालाच, तर बहुविध औषधोपचार तेथे मोफत मिळतो आणि तो सामान्यतः ६ किंवा १२ महिन्यांत पूर्ण होतो.