निराशेच्या काळात कवीने काय करावे?
(अभ्यासलेख)

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र ज्या आठवड्यात हाती आले, त्याच आठवड्यात आपल्या वसतिगृहात वाढलेल्या एका माजी विद्यार्थ्याचा संदेश आला. शाळेत असताना रविवारच्या सायंसभेत तो स्वतःच्या कविता वाचत असे. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करता करता त्याने चळवळीसाठी गीते लिहिली, निवडणुकीच्या सभांतून ती गायली. त्याचा संदेश थोडक्यात असा होता : ‘सर, जयभीम. ज्यांच्यासाठी गाणी लिहिली ते निवडून आले आणि सहा महिन्यांत पलीकडे जाऊन बसले. वहीला हात लावावासा वाटत नाही. आता लिहून काय उपयोग?’

या संदेशाला मी तीन आठवडे उत्तर दिले नाही. कारण सांगण्यात संकोच बाळगत नाही. मी स्वतः तारुण्यात कविता लिहीत होतो. चळवळीतील एका फुटीनंतर मीही वही बंद केली आणि ती जवळजवळ बारा वर्षे उघडली नाही. अशा मनुष्याने दुसऱ्याला आशेचा उपदेश करावा, हे मला शोभणारे वाटेना. म्हणून उपदेश बाजूला ठेवून अभ्यास करावा असे ठरविले. आपल्याच इतिहासात राजकारणाने घोर निराशा केली असता ज्यांची निर्मिती थांबली नाही, त्यांनी नेमके काय केले, हे पाहावे. त्या अभ्यासाचे टिपण येथे देत आहे.

१. पराभवानंतरची पाच वर्षे

प्रारंभ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपासून करणे युक्त होईल. ते कवी नव्हते. परंतु राजकीय पराभव आणि निर्मिती यांचे नाते त्यांच्या अखेरच्या पाच वर्षांत जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच दिसते. हिंदू कोड बिलाची उपेक्षा झाली म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून त्यांचा पराभव झाला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना यश आले नाही. प्रकृती ढासळत होती. ज्या राज्यघटनेच्या मसुद्यासाठी त्यांनी देह झिजविला, त्याच घटनेखालील लोकसभेत प्रवेश करणे त्यांना शक्य झाले नाही.

या वर्षांत त्यांनी केले काय? ते राज्यसभेत बोलत राहिले, शिक्षणसंस्थेचे काम पाहत राहिले आणि रात्री जागून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहीत राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये प्रकाशित झाला. छापील स्वरूपात तो त्यांना पाहता आला नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निवडणुकीचा निकाल आणि कामाचे मोल ही दोन मापे त्यांनी एकमेकांत मिसळू दिली नाहीत. त्यांच्या वृत्तपत्रांचा इतिहासही हेच सांगतो. ‘मूकनायक’ १९२० मध्ये निघाले आणि काही वर्षांत बंद पडले. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाले, तेही चालेना. १९३० मध्ये ‘जनता’ सुरू झाले आणि १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. प्रत्येक वेळी पैशाची चणचण होती, वाचक गरीब होता. बंद पडलेल्या पत्राचा शोक करीत बसण्यापेक्षा पुढच्या पत्राची जुळवाजुळव करणे, हा त्यांचा स्वभाव होता. शिवाय ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांचे वचन होते आणि ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरांची ओवी होती. म्हणजे राजकीय लढ्याच्या पत्रालाही कवितेचा आधार घ्यावासा त्यांना वाटला.

२. वामनदादांची वाट

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या घरातले आहे. लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या गावी झाला. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. मुंबईत कष्टाची कामे करीत असताना कोणी तरी त्यांच्या हाती पत्र दिले आणि वाचून दाखविण्यास सांगितले. आपल्याला वाचता येत नाही, हे सांगताना झालेली शरम त्यांना आयुष्यभर आठवत राहिली. मोठ्या वयात त्यांनी बाराखडी गिरविली आणि रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचीत जोडाक्षरे पक्की केली. १९४३ च्या सुमारास पहिले गीत रचले. ‘वाटचाल’ हा संग्रह निघाला तो १९७३ मध्ये. मधल्या तीस वर्षांत त्यांची गाणी पुस्तकावाचूनच वस्तीवस्तीत पोहोचली होती. गायकांनी ती ऐकून पाठ केली, वह्यांत उतरवून घेतली.

या तीस वर्षांतले राजकारण कसे होते? बाबासाहेब गेले. ऑक्टोबर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि अल्पावधीतच तो गटांत विभागला. पुढाऱ्यांच्या भांडणाने सामान्य कार्यकर्ता हवालदिल झाला. माझ्या विद्यार्थ्याला आज जे दुःख आहे, ते तेव्हा खेड्यापाड्यांतील हजारोंना होते. वामनदादांनाही होते. खाजगी आयुष्यातही त्यांनी पोटची मुलगी गमावली होती. तरीही ते गावोगाव फिरत राहिले.

त्यांच्या गीतांत भाबडा आशावाद आहे काय? मुळीच नाही. ऐक्य मोडणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी भर सभेत खडे बोल सुनावले. देशातील धनवानांची नावे घेऊन आमचा वाटा कोठे आहे, असा थेट हिशेब मागितला. तथापि ते गीत ऐकून उठणारा श्रोता मान खाली घालून घरी जात नसे. याचे कारण असे की वामनदादांनी आपले गीत पुढाऱ्याला बांधले नव्हते, लोकांना बांधले होते. पुढारी बदलले, गट बदलले. परंतु भीमजयंतीला जमणारी माणसे, घरात झोळीतल्या लेकराला गाणे म्हणून झोपविणारी माय आणि दिवसभराच्या मजुरीनंतर ढोलकीभोवती बसणारे श्रोते तेच राहिले. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. अनेक पुढाऱ्यांची नावे आज आठवावी लागतात. वामनदादांचे गीत मात्र लहान मुलाच्याही ओठी असते.

माझ्या विद्यार्थ्याचा मूळ प्रश्न येथे थोडा उलगडतो. त्याची निराशा खरी आहे; परंतु त्याने गीत ज्याच्यासाठी लिहिले तो उमेदवार होता. उमेदवार गेला तेव्हा गीताचा पायाही गेला.

३. संताप हाही आशेचाच एक प्रकार

तिसरे उदाहरण सत्तरीच्या दशकातील कवींचे. १९७२ मध्ये दलित पँथरची स्थापना झाली. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. १९७३ मध्ये वामन निंबाळकरांचा ‘गावकुसाबाहेरील कविता’, १९७४ मध्ये दया पवारांचा ‘कोंडवाडा’, १९७७ मध्ये यशवंत मनोहरांचा ‘उत्थानगुंफा’ हे संग्रह आले. या कवितांत गोड शब्द नाहीत. अनेक वाचकांना त्या निराशेच्या कविता वाटल्या. किंबहुना काहींनी त्यांना विध्वंसक म्हटले.

मला वाटते, तो वाचनातील दोष होता. जो खरोखर हताश झाला आहे, तो बोलत नाही. ज्याला अन्यायाचा संताप येतो, त्याच्या मनात ‘हे असे असू नये’ ही खात्री जिवंत असते आणि ‘कोणी तरी ऐकेल’ ही अपेक्षाही असते. या दोन गोष्टी असल्याखेरीज कविता लिहिली जात नाही. पँथरमध्ये १९७४ मध्येच फूट पडली, संघटना लवकरच विसकटली. परंतु तिच्या वातावरणात फुललेल्या साहित्याने मराठी भाषेचा चेहरा कायमचा बदलला. संघटनेचे आयुष्य थोडे होते, कवितेचे दीर्घ ठरले.

याच काळातील नामांतराचा लढाही आठवावा. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. नाव प्रत्यक्ष लागले ते नामविस्ताराच्या रूपाने, १४ जानेवारी १९९४ रोजी. साडेपंधरा वर्षे. या काळात कित्येकदा वाटले असेल की आता काही होणार नाही. त्या वर्षांत शाहिरांनी गीते थांबविली असती, तर मोर्चे आणि सत्याग्रह एवढी वर्षे टिकले असते काय, याचा आपणच विचार करावा. गीताने नाव लागले, असे मी म्हणत नाही. परंतु लढ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला पुढच्या वर्षीही उभे राहण्याचे बळ देण्यात गीताचा वाटा होता, एवढे निश्चित म्हणता येते.

४. भगवंतांच्या संघातील एक कवी

आता थोडे मागे, पालि वाङ्मयाकडे जाऊ. बुद्धांच्या संघात वंगीस नावाचे एक भिक्खू होते. प्रतिभावंतांमध्ये ते अग्र होत, असा त्यांचा गौरव अंगुत्तर निकायात आहे. त्यांच्या गाथा थेरगाथेच्या अखेरीस आहेत आणि संयुत्त निकायात त्यांच्या नावाचा स्वतंत्र विभागच आहे. तो विभाग कवींनी अवश्य वाचावा. कारण त्यात कवीचे यश थोडे आणि त्याचे मनातले झगडे अधिक आले आहेत.

तरुणपणी आळवी येथे राहत असताना वंगीसांना उदासीनतेने घेरले. साधनेत मन लागेना. त्यांनी विचार केला तो असा, की ही उदासीनता दुसरा कोणी येऊन घालवील हे कसे शक्य आहे? ती आपली आपणच घालवावयास हवी. आणि ती घालविताना त्यांनी गाथा रचली. पुढे आपल्या प्रतिभेच्या गर्वाने ते इतर सुशील भिक्खूंना तुच्छ लेखू लागले. ते ध्यानात येताच त्यांनी स्वतःलाच गाथेतून खडसावले. पहिल्या प्रसंगात खिन्नता आहे, दुसऱ्यात अहंकार. दोन्ही वेळा मनातला विकार त्यांनी लपविला नाही. त्यालाच रचनेचा विषय केला.

याच विभागात सुभाषिताची चार लक्षणे सांगितली आहेत. वाणी सुभाषित असावी, दुर्भाषित नसावी. ती धम्माला धरून असावी, अधम्माला नव्हे. ती प्रिय असावी, अप्रिय नव्हे. ती सत्य असावी, असत्य नव्हे. राजकीय कवीने ही चार लक्षणे आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. प्रचारगीतात सत्य सुटते. द्वेषाच्या कवितेत धम्म सुटतो. ‘प्रिय’ याचा अर्थ खुशामत असा मात्र कोणी करू नये. खुशामतीत सत्य राहत नाही, म्हणून ती या कसोटीवर उतरतच नाही. ऐकणाऱ्याच्या हिताची कळकळ शब्दांत असावी, असा अर्थ मी घेतो. वामनदादांचे खडे बोल लोकांना कडू लागले नाहीत, ते या कळकळीमुळे.

५. अभ्यासातून हाती आलेले

या चार उदाहरणांवरून मला जे कळले, ते आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे नम्रपणे ठेवतो.

पहिले, आशा म्हणजे उद्या विजय होईल असे भाकीत नव्हे. भाकीत चुकले की मनुष्य कोसळतो. आशा म्हणजे आजचे काम करण्याजोगे आहे, ही खात्री. सर्व संस्कार अनित्य आहेत, असे आपण वंदनेनंतर नेहमी ऐकतो. ते केवळ सुखाला लागू नाही. आजची वाईट राजवट, आजचा विश्वासघात, आजची फूट हीदेखील अनित्यच आहेत. म्हणूनच भगवंतांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा आहे. बदल होणारच आहे. तो कोणत्या दिशेने व्हावा यासाठी जागे राहावयाचे आहे.

दुसरे, कवितेचा श्रोता नीट निवडावा. सत्तेसाठी लिहिलेली कविता सत्तेबरोबर जाते.

तिसरे, निराशा लपवू नये. तिच्यावरही लिहावे. आपल्या पुढाऱ्याने फसविले, तर त्या फसवणुकीची कविता ही चळवळीशी बेइमानी नव्हे.

चौथे, एकट्याने लिहीत बसू नये. महिन्यातून एकदा विहारात किंवा कोणाच्या घरी चार जणांनी जमावे, एकमेकांचे ऐकावे, जुनी गीते नव्या मुलांना शिकवावीत. आपल्या भागातील वृद्ध गायकांच्या वह्या जीर्ण होत आहेत. त्या उतरवून घेणे हेही निर्मितीचेच काम आहे. ज्या दिवशी स्वतःचे काही सुचत नाही, त्या दिवशी हे करावे.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी कविता लिहिते म्हणून काळजी करू नका. नोकरी, शिक्षण यांच्याकडे लक्ष अवश्य द्या. परंतु ती वही रद्दीत घालू नका.

शेवटी त्या विद्यार्थ्याला मी उत्तर पाठविले. त्यात वरीलपैकी फारसे काही लिहिले नाही. एवढेच कळविले की येत्या पौर्णिमेला आपल्या विद्यालयात मुलांची सायंसभा आहे. तू ये आणि निवडणुकीच्या आधी लिहिलेले एखादे गीत म्हण, आणि नंतर जे वाटले तेही मुलांना सांग. मी माझी बारा वर्षांनी उघडलेली वही घेऊन येतो.

त्याचे उत्तर आले : ‘येतो, सर. नवीन काही लिहून आणू का?’

चिंतनासाठी

१. राजकीय अपयशाने आपले कोणते काम थांबले आहे? ते त्या राजकारणावाचून चालू शकेल काय?
२. आपल्या घरात वा वस्तीत गायली जाणारी कोणती गीते अद्याप कोणी लिहून ठेवलेली नाहीत?
३. आपण अलीकडे लिहिलेले वा बोललेले काही सुभाषिताच्या चार लक्षणांवर तपासून पाहा. कोणते लक्षण सुटले?