खपली गहू

दक्षिण महाराष्ट्रातील गावांत जत्रा किंवा भंडारा आला, की देवळाच्या आवारात मोठमोठ्या चुली मांडल्या जातात. चुलींवर काहिली चढतात आणि त्यांत गव्हाचे दाणे रटरटू लागतात. हे दाणे दळलेले नसतात, भरडलेलेही नसतात. ते अखंड असतात. गावकरी आळीपाळीने ते ढवळत राहतात. बऱ्याच वेळाने दाणा फुलतो, बोटांनी चेपताच दबतो, आणि मगच त्यात गूळ पडतो. गूळ आधी घातला, तर गुळातील साखर पाणी आपल्याकडे धरून ठेवते आणि दाणा लवकर मऊ होत नाही. शेवटी खोबरे, खसखस, सुंठ व वेलदोडा घातला, की खीर तयार होते. पानात वाढल्यावर तिच्यावर दूध आणि तूप घेण्याची रीत आहे. सीमेपलीकडे कर्नाटकात हिलाच हुग्गी म्हणतात.

या खिरीसाठी जो गहू मानाने वापरतात, त्याचे नाव खपली. हा गव्हाचा फार प्राचीन प्रकार होय. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने जी धान्ये प्रथम पिकविली, त्यांत या जातीच्या गव्हाचा समावेश होता. नेहमीच्या गव्हाची मळणी केली, की दाणे भुसापासून सुटे होतात. खपलीचे तसे नाही. जखमेवर धरलेली खपली जशी सहज निघत नाही, तसेच या दाण्यावरचे टरफल मळणीनंतरही त्याला घट्ट बिलगून राहते. ते काढण्यासाठी पूर्वी बायका उखळात मुसळाने गहू कांडत, सुपाने पाखडत आणि पुन्हा कांडत. खिरीसाठी तर दाण्याला पाण्याचा हात लावून तो आणखी एकदा हलक्या हाताने कांडावा लागे. दाणा फुटू न देता वरची साल सोडविणे, यातच कांडणाऱ्या हाताचे कसब असे.

एवढे कष्ट घेऊन दाणा अखंड ठेवायचा कशासाठी? याचे उत्तर दाण्याच्या रचनेत आहे. गव्हाचा दाणा म्हणजे केवळ पिठाची पुडी नव्हे. ते बीज आहे. त्याचे तीन भाग असतात. बाहेर कोंड्याची आवरणे, आत पांढरा पिष्टमय गाभा आणि एका टोकाला इवलासा अंकुर. शंभर भाग वजनात गाभा सुमारे ८३, कोंडा सुमारे १४ आणि अंकुर जेमतेम तीन भाग भरतो. गाभा हा उद्याच्या रोपाचा शिधा होय. त्यातून शक्ती मिळते. परंतु तंतू, लोह आणि ब गटातील कित्येक जीवनसत्त्वे यांचा मोठा वाटा कोंड्यात व अंकुरात असतो. अंकुरात तेलही असते. या तेलामुळे पीठ लवकर खवट होते. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, तेव्हा कोंडा व अंकुर वेगळे करून पांढराशुभ्र मैदा काढणे सोपे झाले. मैदा टिकाऊ झाला, दिसावयास सुंदर झाला. पण दाण्यातील सत्त्वाचा मोठा भाग त्यातून निघून गेला.

अखंड दाणा शिजविण्यास वेळ लागतो आणि पुष्कळ हात लागतात. म्हणूनच इतर देशांतही असे पदार्थ बहुधा सणासमारंभाचेच असतात. तुर्कस्तानात लग्नप्रसंगी गावकरी दगडी उखळात गहू कांडून, मांसाबरोबर मोठ्या कढयांत तो शिजवितात. त्या पदार्थाला केश्केक म्हणतात. युक्रेनमध्ये नाताळच्या आदल्या रात्री उकडलेल्या गव्हात मध आणि खसखस घालून कुत्या नावाचे पक्वान्न करतात. कोल्हापुरातील आजीला त्याची चव फारशी परकी वाटणार नाही!

मात्र ज्या टरफलाने दाण्याचे रक्षण केले, तेच त्याच्या मुळावर आले. अधिक उत्पन्न देणारे आणि सहज मळता येणारे गहू आले, घरोघरची उखळे अडगळीत गेली आणि खपलीचे क्षेत्र आक्रसत गेले. तरी ती नाहीशी झाली नाही. खिरीला खपलीच हवी, असा आग्रह धरणारी घरे होती आणि त्यांच्यासाठी चार सऱ्या राखणारे शेतकरीही होते.

त्या चार सऱ्यांची किंमत फार दूरवर कळली. गव्हाचा मोठा वैरी म्हणजे तांबेरा हा रोग. १९२२ साली स्टॅकमन व लेव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा निवडक गव्हांचा संच प्रसिद्ध केला. त्यांत एका गव्हाचे नाव होते ‘खपली’. पुढे १९९८ साली युगांडात खोडावरील तांबेऱ्याचा एक भयंकर प्रकार आढळला आणि जगातील बहुतेक गहू त्याला बळी पडण्यासारखे आहेत असे दिसून आले. त्याच्याशी झुंज देणारे जे थोडे आनुवंशिक गुण शास्त्रज्ञांना ठाऊक आहेत, त्यांतील एक खपलीच्या अंगी आहे.

कांडावयास अवघड, शिजावयास मंद असा हा दाणा. केवळ कष्ट वाचावेत म्हणून तो सर्वांनीच टाकून दिला असता, तर खीर गेली असतीच. पण तिच्याबरोबर सगळ्या जगाच्या भाकरीचा एक राखणदारही गेला असता.

अभ्यास

१. खिरीत गूळ शेवटी का घालतात?
२. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग सांगून प्रत्येकाचा उपयोग लिहा.
३. ‘ज्या टरफलाने दाण्याचे रक्षण केले, तेच त्याच्या मुळावर आले.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या घरी अखंड धान्याचे कोणते पदार्थ होतात, ते वडीलधाऱ्यांना विचारून त्यांची कृती लिहा.