नव्या गावात डॉक्टर कसे निवडावेत?

प्रश्न : आम्ही नुकतेच पुण्यात राहायला आलो. आईला (६८) रक्तदाब आहे. भरवशाचे डॉक्टर कसे शोधावेत? घरी मोजलेलं बीपी दर वेळी वेगळं येतं, ते का?

उत्तर : आधी घराजवळचे फॅमिली डॉक्टर गाठा. पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर पाहा. पहिल्या भेटीत जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या. जे डॉक्टर ती नीट बघतात, आईंचं पुरतं ऐकून घेतात आणि कोणती गोळी कशासाठी हे सांगतात, त्यांना धरून राहा.

बीपी दिवसभर बदलतंच. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. पाठ आणि पाय टेकवून पाच मिनिटं शांत बसू द्या. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीत. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळचे आकडे आठवडाभर वहीत लिहा. सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर वही डॉक्टरांना दाखवा. आकडा उतरला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर लगेच १०८ला फोन करा.